नऊ म्हणजे माहीत नाही

त्र्यंबक नाक्यावरच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
एक्स-रेच्या खोलीला लागून माझं टेबल.
बिल्ल्यावर लिहिलंय: कुंदा आहेर, कर्करोग नोंदणी.
लोक चिठ्ठी पुढे सरकवतात.
मी म्हणते, माझ्याकडे औषध नाही हो,
रकाने आहेत.

मथुराबाई दगू सांगळे. वय बासष्ट, अंदाजे.
फाइल आली दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
आत आठ महिन्यांचं टीबीचं कार्ड,
खोकल्याच्या औषधाची बिलं,
आणि सगळ्यात खाली बायॉप्सीचा अहवाल:
फुप्फुस, उजवं.
वरचा कप्पा की खालचा, ते जिथे लिहिलेलं
तिथेच नेमकी घडी फाटलेली.
मी कोड टाकते, सी चौतीस पॉइंट नऊ.
नऊ म्हणजे माहीत नाही.
गाठ केवढी, एक्स. ग्रंथींत पोचली का, एक्स.
सीटी स्कॅन लिहून दिला होता,
घरचे म्हणाले, कांदा विकला की करू.
टप्पा: पुन्हा नऊ.

साळुंखे सर महिन्याला एकदा येतात, उभ्यानेच बोलतात:
नऊ कमी करा मॅडम, वरून विचारतात.

निदानाची तारीख.
नियमाने, पेशी काचपट्टीवर दिसल्या तो दिवस: सहा मार्च.
मथुराबाईंचा हिशेब निराळा.
"मांडीवर सूप धरवंना, तवापासनं."
म्हणजे कधी?
"ह्यो शिमगा न्हाई. त्याच्या आदला."
मी सहा मार्च लिहिते.

बिडी ओढता?
"वढत न्हाई बाई. वळते."
किती?
"हजार. पोरी हाताशी होत्या तवा दीड."
किती वर्षं?
ती हसली, हसता हसता खोकली,
आणि खोकला संपेपर्यंत मी पेन खाली ठेवलं.
रकान्यात दोनच शब्द, हो आणि नाही.
मी 'नाही' वर खूण केली. खोटं नव्हतं ते.
तोवर तिची बोटं
टेबलावरच्या माझ्या कोऱ्या फॉर्मचा कोपरा
आत दुमडत होती, नखाने दाबून,
बिडीचं तोंड मोडतात तसा.

"सिन्नरला आमच्या कारखान्यात चेकर असतो," ती म्हणाली,
"बारीक वळली, ढिली वळली, की छाट.
तुमच्यातबी छाट निघती का?"
निघते की.
वर्षभर इथे राहिलेली नसली, तर निघते.
एकच बाई दोन दवाखान्यांत दोन नावांनी गेली,
इथे मथुराबाई, तिथे मथुरा डी.,
तर त्यातली एक काढावी लागते.
"कोणची?" तिने विचारलं.

सहा महिन्यांनी पाठपुरावा.
सिडकोतल्या लेकीचा नंबर, तिसऱ्यांदा लागला.
मथुराबाई आहेत का?
"नाहीये आई."
पडद्यावर तीन पर्याय: जिवंत, मृत, संपर्क नाही.
माझा हात माउसवर तसाच.
आपल्या भाषेत 'नाहीये' म्हटलं
की माणूस कुठेही गेलेलं असू शकतं.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.
"सिन्नरला गेलीय. फंडाच्या कागदावर अंगठा राहिला होता.
ऐकतच नाही कुणाचं."

जिवंत. तारीख आजची.

सीटी केला का, विचारलं.
"केला वाटतं. कागद भावाकडे आहेत, फोटो पाठवायला सांगते."

संध्याकाळी फोटो आला, उलटा,
फुलाफुलांच्या चादरीवर ठेवून काढलेला.
फोन फिरवून फिरवून वाचला.
उजवा, वरचा कप्पा: नऊ पुसून एक केला.
त्याच्याखाली आणखी दोन ओळी,
डाव्या फुप्फुसाची एक, यकृताची एक.
टप्प्यातला नऊ पुसला.
चार टाकला.

साळुंखे सर बरं म्हणतील.
दिवे बंद करायच्या आधी फोटो पुन्हा उघडला.
कोपऱ्यात कुणाचं तरी बोट आलंय, अर्धं,
नखाच्या कडेला काळसर रेघ.
कुणाचं, माहीत नाही.